आमची वाटचाल : लूमच्या मोटारींपासून गिझरपर्यंत

वडिलांचं सोलापुरात अशोक चौकात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूला यंत्रमाग, त्यामुळे जळालेल्या मोटारींना तोटा नव्हता. कारखाने कमी झाले तसे आम्ही घरगुती वायरिंगकडे वळलो. जुळे सोलापूर, होटगी रोडला घरं उठत गेली आणि गिझरचं काम वाढलं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणाचं पाणी साठवायचं, कमी पडलं की बोअरचं मिसळायचं. त्या क्षारांचा थर बसून कॉईल जळते. निव्वळ कॉईल बदलण्यावर आमचं दुकान आरामात चाललं असतं. पण गिझर उघडला की भोवतीचंही दिसतं, म्हणून आम्ही पूर्ण तपासणी सुरू केली, तिचे पैसे वेगळे. यावर अजूनही घासाघीस होते.

सगळ्यात जास्त सापडतं ते बूच मारलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतला जादा दाब सोडणारी झडप. पाणी तापलं की फुगतं, म्हणून व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणारच. फरशी ओली होते म्हणून कुणीतरी तो बंद करून टाकतं. अशात पाणी तापलं की वीज तोडणारे थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही अडकले, तर शिट्टी दाबून धरलेला कुकरच भिंतीवर टांगलेला!

पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंगची वायर लोखंडी पाइपला बांधलेली असते. मग प्लंबर येऊन लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची करतो. वायर जागेवरच असते, अर्थिंग मात्र गेलेलं असतं, आणि घरच्यांना पत्ता नसतो. अशा घरी आम्ही आधी अर्थिंग नव्याने करतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवतो, मगच गिझरला हात लावतो. दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटवर दिसला की पिना काळ्या पडलेल्या असणार, हे न बघता सांगता येतं.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये आम्ही बसवतच नाही. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आतला माणूस बेशुद्ध पडेपर्यंत बाहेर कळत नाही. “एक्झॉस्ट फॅन आहे की!” असं म्हणणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

सध्या सोलर वॉटर हीटरची कामं वाढलीत. तिथे गच्चीवरच्या टाकीत बॅकअपची कॉईल असते आणि तिची वायर उन्हापावसात उघडी. तपासणीत आता गच्चीही धरली आहे, जादा पैसे न घेता.