श्वासमापक पट्ट्यासाठी वाहक नॅनोफायबर: ताणून सोडल्यावर रोध जागेवर येतो का?

छातीवर बांधायचा श्वासमापक पट्टा तयार करायचा, त्यासाठी टीपीयू या रबरासारख्या ताणणाऱ्या प्लास्टिकच्या नॅनोफायबरच्या (अतिसूक्ष्म तंतूंच्या) पापुद्र्यावर पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा लेप द्यायचा, हे उद्दिष्ट कायम आहे. श्वासाबरोबर छाती फुगली की लेप दिलेल्या पापुद्र्याची पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो; त्यावरून श्वास मोजायचा. मात्र पट्टी किती संवेदनशील आहे यापेक्षा, ताणून सोडल्यावर तिचा रोध मूळ जागेच्या किती जवळ आणि किती लवकर परततो, या एकाच प्रश्नाभोवती आता माझी सगळी मापने फिरत आहेत. रोधातील सापेक्ष बदलाला लांबीतील सापेक्ष बदलाने भागले की गेज फॅक्टर मिळतो. धातूच्या फॉइल गेजचा गेज फॅक्टर साधारण २ असतो आणि लेप दिलेल्या तंतूंमध्ये तो याहून बराच जास्त मिळवता येतो. त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण हाच आकडा वाढवण्याच्या मागे असतात. माझ्या मते श्वासाच्या मापनात त्याचे महत्त्व दुय्यम आहे.

इलेक्ट्रोस्पिनिंगची, म्हणजे उच्च व्होल्टेजने सुईतून द्रावणाची धार खेचून तंतू बनवण्याची, मांडणी आता स्थिर झाली आहे: सुमारे १५ किलोव्होल्ट, सुई आणि तंतू गोळा करणारा फिरता ड्रम यांत १५ सेंटिमीटर अंतर, टीपीयूसाठी द्रावक म्हणून डीएमएफ आणि टीएचएफ यांचे मिश्रण. सुईमागे काळा कागद लावून बाजूने प्रकाश टाकला की द्रावणाची धार स्पष्ट दिसते. सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब व्होल्टेज वाढत जाते तसा निमुळता होत शंकूचा आकार घेतो. त्या शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश येतो, असे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवले होते. शंकूच्या टोकातून निघालेली धार थोडे अंतर सरळ जाते आणि मग वेगाने भिरभिरू लागते; तंतू खरा बारीक होतो तो या भिरभिरण्यात. द्रावण पातळ असेल तर तंतूंवर मणी उमटतात, आणि मणी असलेल्या पापुद्र्यावर लेप कधीच सारखा बसत नाही. डीएमएफ त्वचेतूनही शरीरात शोषले जाते व प्रजननसंस्थेला घातक आहे, त्यामुळे हवा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटाशिवाय हे काम कोणीही करू नये. पुरवठा बंद केल्यावरही ड्रम भूसंपर्कित केल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पेडॉट-पीएसएसच्या पाण्यातील द्रावणात ५ टक्के डीएमएसओ हे द्रावक मिसळल्याने वाहकता कित्येक पटींनी वाढते. टीपीयूला पाण्याचे वावडे असल्याने पापुद्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून घ्यावा लागतो, नाहीतर निळे द्रावण वरच्या वर थेंबांच्या रूपात उभे राहते आणि आतले तंतू कोरेच राहतात. लेप घामाने सुटू नये म्हणून द्रावणात थोडे जीओपीएस, म्हणजे लेप घट्ट बांधून ठेवणारे रसायन, घालतो. त्याने वाहकता काहीशी घटते, पण ती किंमत मला मान्य आहे.

नवी पट्टी पहिल्यांदा ताणली की तिचा रोध वाढतो आणि सोडल्यावर पूर्णपणे खाली येत नाही. लेपाला सूक्ष्म तडे जातात, काही तंतूंचे एकमेकांशी असलेले संपर्क कायमचे तुटतात. पुढच्या ताणांमध्ये हा फरक कमी कमी होत जातो. म्हणून वापरात जितकी ताणली जाणार त्याहून थोडी अधिक, अशी प्रत्येक पट्टी मोटरच्या साहाय्याने आधीच पुन्हापुन्हा ताणून घेतो आणि आलेखातील चढती व उतरती रेषा दर वेळी त्याच मार्गाने जाऊ लागल्यावरच ती पट्ट्यावर बसवतो. या दोन रेषांमधली फट, म्हणजे हिस्टेरेसिस, पूर्णपणे मिटत नाही, कारण टीपीयू स्वतःच सावकाश पूर्ववत होते. श्वासाच्या बाबतीत मात्र हे चालून जाते: विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, आपल्याला हवी असते ती चढउतारांची लय, आणि सावकाश सरकणारी मूळ रेषा गणनेतून वजा करता येते. कोपराचा नेमका कोन मोजायचा असेल तर हीच पट्टी उपयोगाची नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

जोडणीचा प्रश्न तंतूंपेक्षाही अवघड निघाला. मऊ पापुद्रा आणि कडक तार जिथे भेटतात तिथे सगळा ताण एकवटतो, चांदीच्या पेस्टला भेगा पडतात आणि आलेखात श्वासासारखेच दिसणारे खोटे चढउतार उमटतात. आता पट्टीची दोन्ही टोके न ताणल्या जाणाऱ्या कापडावर चिकटवली आहेत आणि वाहक धागा त्या कापडाच्या भागातच शिवला आहे, त्यामुळे ताण फक्त मधल्या भागावर येतो. मापनासाठी साधा व्होल्टेज डिव्हायडर (पट्टी आणि एक स्थिर रोधक यांत व्होल्टेज विभागणारी जोडणी) आणि व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारी १६ बिटची एडीएस१११५ चिप पुरेशी आहे. स्थिर रोधक पट्टीच्या विश्रांतीतील रोधाच्या जवळपास निवडल्यास सर्वांत मोठा संकेत मिळतो. अंगावर पट्टा असताना सर्किट नेहमी बॅटरीवरच चालवावे.

लेपातील पीएसएस हा घटक हवेतील ओलावा शोषतो आणि दमट हवेत मूळ रोध सरकतो, ही अडचण उरली आहे. सिलिकॉनचे आवरण सोपे आहे, पण त्याने घामाची वाफ अडते आणि नॅनोफायबर निवडण्याचे मुख्य कारणच संपते. त्यामुळे लेप दिलेल्या पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या टीपीयूचा विरळ थर चढवून पाहतो आहे. हा थर ओलावा रोखणार नाही, पण लेपाला घर्षणापासून आणि घामाच्या थेट स्पर्शापासून वाचवेल. ड्रम थोडा जवळ घेतला की तंतू किंचित ओले पोहोचतात आणि खालच्या थराला धरतात; फार जवळ घेतला तर द्रावकाने खालचे तंतू विरघळतात. या दोन मर्यादांमधले योग्य अंतर सध्या शोधतो आहे.