सगळ्याच आयकॉनवर नोटपॅड

गणपतीला नऊ दिवस राहिले होते. सकाळी साडेअकराला गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यातून फोन आला. तिथे डीटीपीचं, म्हणजे पेजमेकर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पानं लावायचं, काम करणाऱ्या काकू होत्या. "अगं, सगळं नोटपॅड झालंय. पेजमेकर दाबला तरी नोटपॅड, प्रिंटरचं दाबलं तरी नोटपॅड." आवाज रडवेला होता. एका मंडळाचा चौसष्ट पानांचा अहवाल अर्धा लागला होता, आणि ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावर काढलेली पानं, संध्याकाळी सहाला छपाईच्या प्लेट बनवणाऱ्याकडे पोचायला हवं होतं.

चर्नी रोडला उतरले तेव्हा पाऊस मी म्हणत होता. छापखान्यात पोचले तर काकू बंद स्क्रीनसमोर बसल्या होत्या आणि मालक अण्णा दारात येरझाऱ्या घालत होते. सकाळी जवळचाच एक मुलगा येऊन बघून गेला होता. पाच मिनिटांत त्याने निकाल दिला होता, "फॉरमॅट मारावा लागेल."

म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घालायचं. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. मशीन विंडोज ७ चं. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला आहे. पेजमेकर ७, म्हणजे २००१ साली आलेली शेवटची आवृत्ती. तिची सीडी हरवलेली. मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्यांच्यात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांच्यावर मराठी वळणं चढवतो. फॉन्ट गेला की मजकूर असूनही वाचता येत नाही. अशा मशीनवर फॉरमॅट मारणं म्हणजे वीस वर्षांचा संसार रस्त्यावर काढण्यासारखं आहे.

काकूंची भीतीही नेमकी तीच होती. पेजमेकरच्या आयकॉनवर डबल क्लिक केल्यावर नोटपॅडमध्ये चित्रविचित्र अक्षरं उमटली होती, आणि फॉन्ट उडाल्यावर कशी अक्षरं दिसतात ते त्यांनी आयुष्यात कितीदा पाहिलेलं. त्यांना वाटलं, अहवाल गेला.

मशीन चालू केलं. डेस्कटॉपवर ओळीने नोटपॅडचीच चित्रं, आणि प्रत्येक नावाला 'डॉट एलएनके' असं शेपूट फुटलेलं. मी म्हटलं, "काकू, कशालाही हात न लावता सांगा, काय काय उघडतंय?" सकाळपासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्या विचार करत म्हणाल्या, "माय कॉम्प्युटर उघडतो. फोल्डर उघडतात. मंडळाचे फोटोही दिसतात. फक्त हे वरचे आयकॉन उघडत नाहीत."

निदान त्यांनीच केलं होतं, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

मी पेजमेकरचा आयकॉन दाबून नोटपॅडमधला तो गोंधळ त्यांना पुन्हा दाखवला. सुरुवातीला एक 'एल', मग चौकोन आणि टिंबं, आणि मध्येच स्वच्छ वाचता येणारी ओळ: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, त्यापुढे पेजमेकरचं फोल्डर. "हा अहवाल नाही. ही चिठ्ठी आहे. पेजमेकर कुठल्या कपाटात आहे तेवढंच तिच्यात लिहिलंय."

अण्णा तरुणपणी खिळे जुळवायचे, म्हणजे केस नावाच्या खणांच्या पेटीतून धातूचं एकेक अक्षर उचलून मजकूर लावायचे. ते जवळ आले. मी सांगितलं, "डेस्कटॉपवरचा आयकॉन म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. आपण चिठ्ठी देतो, विंडोज ती वाचतं आणि आतून प्रोग्रॅम आणून देतं. आता कुणीतरी विंडोजला सांगितलंय की यापुढे सगळ्या चिठ्ठ्या नोटपॅडकडे द्या. नोटपॅडला आणून देणं ठाऊक नाही, त्याला वाचून दाखवणंच येतं."

अण्णा म्हणाले, "म्हणजे केस जागेवर आहे. खिळे जागेवर आहेत."

"सगळे."

मग मी काकूंना विचारलं, "अहवालाच्या फाइलवरच थेट डबल क्लिक करून पाहिलंत का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. क्लासमध्ये शिकवलं होतं तसं, आधी पेजमेकर उघडायचा आणि मग त्याच्या फाइल मेनूतून ओपन करायचं. इतकी वर्षं तोच रस्ता. मी 'मंडळ' फोल्डर उघडलं आणि माउस त्यांच्या हातात दिला. फाइलने चिठ्ठीकडे न जाता थेट पेजमेकरला हाक मारली. दोन क्षण काहीच झालं नाही, मग करड्या पडद्यावर एकतिसावं पान उघडलं, वर्गणीदारांची यादी, सगळी मराठीत. काकूंनी तोंडावर हात धरला. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण माझेही डोळे भरून आले होते.

त्यांना वाटलं आता मी दुरुस्तीला लागेन. मी लागले नाही. सगळं बंद करून लॉग ऑफ करावं लागणार होतं आणि हातात सहा तासही नव्हते. दुरुस्ती थांबू शकते, गणपतीचा अहवाल थांबत नाही. काकू कामाला बसल्या, मी शेजारी स्टुलावर बसून प्रुफं वाचली. दोन आडनावांतले ऱ्हस्व-दीर्घ सापडले. पावणेसहाला ट्रेसिंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अण्णा स्वतः घेऊन गेले.

मग मात्र विंडोज की आणि आर एकदम दाबून रेजएडिट लिहिलं. विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवतं ती रजिस्ट्री त्याने उघडते. हा रस्ता चिठ्ठीवरून जात नाही, म्हणून तो उघडा होता. करंट युजरखालच्या फाइलएक्स्ट्समध्ये डॉट एलएनके सापडलं, त्याच्या आत युजरचॉइस, आणि त्यात नोटपॅडचं नाव. आधी त्या भागाची प्रत काढून ठेवली. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी मी ती काढतेच, कितीही घाई असली तरी. मग युजरचॉइस पुसलं, लॉग ऑफ केलं, परत आत आले.

चित्रं आपापल्या जागी आली होती. शेपटं गेली होती.

काकूंनी हळूच विचारलं, "माझ्याच हातून झालं ना? परवा पेनड्राइव्हवरची एक फाइल उघडत नव्हती. कशाने उघडू म्हणून खिडकी आली, मी नोटपॅड निवडलं." नेमकं कुठे काय दाबलं गेलं ते त्यांना आठवत नव्हतं, आणि मी खोदून विचारलं नाही. मी इतकंच दाखवलं, की त्या खिडकीत 'नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा' या ओळीपुढची खूण आधीपासूनच केलेली असते. आपण फक्त ओके म्हणतो.

काकूंनी दोनदा पेजमेकर उघडला, दोनदा बंद केला. मग चष्मा वर करून स्क्रीनजवळ गेल्या. "अगं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात हा वाकडा बाण आहे. इतकी वर्षं मी बघितलाच नाही."

"बाण म्हणजे चिठ्ठी."

त्यांनी खणातून वही काढली. तिच्यात सगळ्या की आणि फॉन्टची नावं त्यांच्या सुबक अक्षरात होती. खाली लिहिलं: बाण म्हणजे चिठ्ठी. मग पेन थांबवून म्हणाल्या, "कचऱ्याच्या डब्याला बाण नाही गं."

"तो चिठ्ठी नाही. तो विंडोजचा स्वतःचा आहे."

त्यांनी तेही लिहून घेतलं.