दोन गुलाबी ग्लास, त्यातला एक कोकमाचा

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला एका रेस्टॉरंटच्या बारवर मी काम करते, सहा वर्षं झाली. 14 फेब्रुवारीला आमच्याकडे एकच ऑर्डर असते, "पिंक काहीतरी द्या ना." त्या दिवसाची तयारी आम्ही दोन दिवस आधीच सुरू करतो, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा सीझन असतोच, ती वाटून गाळून ठेवायची आणि वरून स्पार्कलिंग वाईन ओतली की रॉसिनी तयार. मूळ कॉकटेल म्हणजे बेलिनी, व्हेनिसच्या हॅरीज बारमधली, पांढऱ्या पीचची, तिच्या गुलाबी छटेवरून चित्रकार बेलिनीचं नाव दिलेलं, पण आपल्याकडे चांगले पीच मिळतात कुठे, त्यामुळे मला स्ट्रॉबेरीच जास्त पटते. ज्यांना जिन हवी त्यांना क्लोव्हर क्लब, रासबेरी लिंबू आणि अंड्याचा पांढरा, वरचा फेस नीट बसला की फार देखणं दिसतं.

तर त्या संध्याकाळी साडेसातला बाहेरच्या कोपऱ्यातल्या टेबलवर एक काका-काकू येऊन बसले. काका पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. काकू नऊवारीत नाही पण काठाच्या साडीत, आणि दोघं इतके अवघडून बसलेले की वेटरला मेनू हातात द्यायलाही संकोच वाटला. मुलाने पुण्याहून ऑनलाइन बुकिंग केलेलं, नोटमध्ये लिहिलेलं की लग्नाचा 35वा वाढदिवस, काहीतरी छान करा. मी स्वतःच गेले टेबलवर.

काका म्हणाले, "पोरी, मी माळकरी आहे, मला काही चालत नाही. पण हिला द्यायची. दिंडोरीकडं आमची बाग आहे, आठ वर्षं झाली शिराझ जातीची वाईनची द्राक्षं देतोय वायनरीला, छाटणी हिची, विरळणी हिची, उन्हातान्हात हीच उभी, आणि त्याचं होतं काय ते हिने कधी चाखलं नाही."

काकू लगेच, "अहो, कशाला उगाच, मला नको बाई," पण डोळे शेजारच्या टेबलवरच्या गुलाबी ग्लासवरच होते.

मी दोन बाटल्या आणल्या आणि दोन्हीतली थोडी थोडी चवीला ओतली. एक सुला वायनरीची झिनफँडेल रोझे, म्हणजे झिनफँडेल द्राक्षाची गुलाबी वाईन, पहिल्यांदा पिणाऱ्याला मी बहुतेक वेळा हीच देते कारण जरा गोडसर लागते. दुसरी आपल्याच भागातली, शिराझची, कोरडी, रंगाने जरा फिकी. काकांनी ग्लास दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "ह्यात रंग टाकत्यात का?" मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनीच चीजच्या प्लेटमधला काळ्या द्राक्षाचा एक मणी उचलला, बोटांत दाबला, साल एकीकडे आणि गर एकीकडे. गर हिरवट पांढरा. "रंग सालात असतो," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे साल लवकर काढून घेत असतील." मी म्हटलं काका अगदी हेच, काळी द्राक्षं फोडून रस सालासोबत काही तासच ठेवतात, रेड वाईनला मात्र कित्येक दिवस. ते परत म्हणाले, "मग गुलाबीला माल जरा आधी तोडत असतील, आंबटपणा राहायला." हे मला ट्रेनिंगमध्ये दोन दिवसांनी कळलेलं, त्यांना एका मण्यात कळलं.

काकूंनी दोन्ही चाखल्या, मला वाटलं गोडवालीच घेतील. त्यांनी दुसरी उचलली. म्हणाल्या, "मण्यात पाणी उतरायला लागलं की आम्ही चव बघतो ना, तशी आहे ही." अशी टेस्टिंग नोट मी आजवर कुठल्याच बाटलीवर वाचली नाही.

आता प्रश्न काकांचा. पाणी किंवा कोल्ड्रिंक देऊन मोकळं व्हायचं मला पटेना, दोघांच्या हातात सारखाच रंग हवा. आधी कोकम आगळ वापरलं आणि फसलं, आगळ खारट असतं आणि रंगही गडद आला, ते ओतून दिलं. मग अमृत कोकम घेतलं, लिंबू पिळलं, बर्फ भरपूर, सोडा हळूहळू, आणि काकूंचा ग्लास शेजारी ठेवून दिव्याखाली रंग जुळवत बसले, चमचा चमचा करून. तिसऱ्या खेपेला जुळला, वाईनच्याच ग्लासात ओतला. वाईनची बाटली तोवर बकेटमध्ये, निम्मा बर्फ निम्मं पाणी, नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होते, रोझे 8-10 डिग्रीला दिली पाहिजे, कोमट झाली की सगळी मजा जाते.

दोन्ही ग्लास टेबलवर ठेवले तेव्हा काकूंनी आधी एकाकडे पाहिलं मग दुसऱ्याकडे. "ह्यातला माझा कोणता?" मी दाखवला. काकांनी त्यांचा उचलला, त्यांना ग्लासला ग्लास लावायचं माहीत नव्हतं, त्यांनी नुसता पुढे केला आणि काकूंनी स्वतःहून टेकवला. हळू आवाज झाला आणि दोघंही हसले, लाजून, मी तिथून निघून आले कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

त्या रात्री चाळीसेक टेबलं होती, फुगे, फुलं, एकाने अंगठी सुद्धा दिली. मला आठवतं ते हेच टेबल. काकूंनी दीड ग्लास घेतला, पनीर टिक्का आणि मशरूम संपवलं, काकांनी कोकम दोनदा मागवलं. जाताना काका बारपाशी आले, "पोरी, हे कोकमाचं प्रमाण लिहून देती का, घरी करतो हिच्यासाठी." मी केओटीच्या, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, मागे लिहिलं, अमृत कोकम 30 मिली, अर्धं लिंबू, बर्फ, वरून सोडा ग्लास भरेल इतका. काकूंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला विचारलं, रिकामी बाटली नेली तर चालेल का. मी धुवून, पुसून दिली.