वाळवंटातली उंची

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणाऱ्या आम्हा पुणेकरांना डोंगर पाऊस कसा अडवतो हे निराळे सांगावे लागत नाही. राजस्थानातील अरवली मात्र याच बाबतीत अधिक विचार करायला लावते. ही रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, म्हणजे अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना जवळजवळ समांतर पसरलेली असल्यामुळे ते वारे फारसे न अडता पुढे निघून जातात, आणि पश्चिमेकडील जैसलमेर कोरडेच राहते. त्याच रांगेच्या दक्षिण टोकाशी, सुमारे १,२०० मीटर उंचीवरील माउंट अबूला मात्र हवा वर चढते, थंड होते, तिच्यातील बाष्पाचे ढग होतात आणि जैसलमेरच्या कित्येक पट पाऊस पडतो. उन्हाळाही तेथे सौम्य असतो, कारण दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते.

तरीही उंची म्हणजे पाऊस असे समीकरण मांडणे मला घाईचे वाटते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर असूनही वाळवंटच आहे. हिमालयाने बाष्प अलीकडच्या बाजूलाच अडवलेले असते आणि विरळ, कोरड्या हवेतून दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निसटून जाते.