व्याजाचे चोवीस पैसे

केंद्र सरकारने १९८४ मध्ये शालेय संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्यांत आमची शाळा होती, म्हणून बेसिक ही संगणकाला सूचना देण्याची भाषा आम्हाला नववीतच भेटली. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये ती घडवली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. आमच्या गणिताच्या सरांनी तिला थेट सरळव्याजाला जुंपले.

प्रोग्रॅम अगदी छोटा होता. ओळींना दहा, वीस, तीस असे क्रमांक, म्हणजे मध्ये ओळ घुसवायला जागा राहते. ‘इनपुट’ने मुद्दल, दर आणि मुदत विचारायची, गुणाकाराला शंभराने भागायचे आणि ‘प्रिंट’ने उत्तर दाखवायचे. वर्गातल्या एकाने वहीत लिहितात तसे मुद्दल १,००० असे स्वल्पविरामासह टंकले, दर १२ आणि मुदत २ वर्षे दिली. व्याज २४० रुपये यायला हवे होते. पडद्यावर आले ०.२४.

यंत्र बिघडले, असे साऱ्या वर्गाने ठरवून टाकले. सरांनी मात्र मध्ये एक ओळ घालून घेतलेली मुद्दल छापायला लावली, तर ती निघाली १. बेसिकच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे दोन उत्तरांमधली सीमा, आणि आम्ही उत्तर एकच मागितले असल्याने पुढची तीन शून्ये तिने मुकाट्याने टाकून दिली होती. मग कोणीतरी मुद्दाम रोमन अक्षरांत ‘हजार’ टंकले. ते शून्य धरले गेले आणि तरीही तक्रार नाही.

घातलेली ती ओळ सरांनी कायम ठेवली आणि मुद्दल शून्य किंवा उणे असेल तर पुन्हा प्रश्नाकडे वळवणारी आणखी एक लिहून घेतली. प्रश्नही बदलला : ‘मुद्दल स्वल्पविराम न देता लिहा’, तोही रोमन लिपीत, कारण त्या यंत्राला देवनागरी ठाऊक नव्हती. सूत्र आम्हाला तोंडपाठ होते. त्या तासाला जे शिकलो, ते सूत्राच्या अलीकडचे होते.

आजची पायथॉन ही संगणकभाषा असे स्वल्पविरामी आकडे पूर्णांकात बदलायला सरळ नकार देते, हे बरेच आहे. तरी ठेवींच्या हिशेबाची कोणतीही नवी प्रणाली तपासायला आली की मी पहिली रक्कम स्वल्पविरामासह आणि दुसरी अक्षरांत भरतो. ती लिहिणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना ही माझी खोड वाटते.