स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीची नोंदणी : माझा अनुभव

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या घटनेच्या (नियमावलीच्या) पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं : "वरिष्ठ पाळकाची निवड पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाने होईल." सगळ्या वडिलांना, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, वाक्य पसंत होतं. वकिलांनी त्याखाली पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले. सभा कोण बोलावणार? गणपूर्ती किती? दोन नावं आली तर काय?

शेवटी कलम असं झालं : वडील मंडळ नाव सुचवेल, किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन सभासदांची सभा होईल, हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी नाव मंजूर होईल, आणि पाळकाचं पद रिकामं झाल्यास ज्येष्ठ वडील सभा बोलावतील. हे ऐकून काहींना वाटलं की आपण आत्म्याला कायद्यात कोंबतोय. पण बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनीही मंडळीलाच सात जण निवडायला सांगितलं होतं.

स्वतंत्र मंडळ्यांना कागदाचा कंटाळा असतो, आणि त्याला कारण आहे. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगमच कुठल्या समितीच्या ठरावात नाही. तिची सुरुवात सहसा जिथून मोजतात, त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या १९०६ च्या सभांआधी, जून १९०५ मध्ये, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशी आध्यात्मिक जागृती झाली होती. तिथल्या मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या हूवर या मिशनरी दांपत्यापर्यंत पोचली. वालपाराइसोच्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये तशीच जागृती झाली आणि पुढे तिथे वेगळं पेंटेकॉस्टल चर्चच उभं राहिलं. १९३० च्या दशकात तेही फुटलं. केरळात के. ई. अब्राहम परदेशी मिशनपासून वेगळे झाले. १९२४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या त्यांच्या इंडियन पेंटेकॉस्टल चर्चची नोंदणी झाली १९३५ साली, तीही आजच्या आंध्रातल्या एलुरूला. उपासना आधी, नोंदणी मागाहून, हा क्रम जुनाच आहे.

महाराष्ट्रात दोन वाटा आहेत. विश्वस्तपत्र करून थेट सार्वजनिक न्यास (ट्रस्ट), किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची सोसायटी आणि तिचीच पुढे न्यास म्हणून नोंदणी. दुसऱ्या वाटेने गेलात तर क्रमांकाआधी "एफ" लागतो. एकाच गावची मंडळी आणि मोजके विश्वस्त असतील तर पहिली वाट सुटसुटीत. अनेक ठिकाणच्या मंडळ्या एका नावाखाली आणायच्या असतील तर सोसायटी बरी, कारण सभासदांचा हक्क कागदावर राहतो. मात्र उद्देश बदलायचे झाले तर महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं लागतात, म्हणून उद्देश पहिल्यांदाच नीट लिहा. आम्ही "उपासना व सुवार्ताप्रसार" एवढंच लिहिलं होतं. बालवाडी आणि दफनभूमीची सोय नंतर घालावी लागली.

न्यासाचा अर्ज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या परिशिष्ट दोनमध्ये, न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत, धर्मादाय कार्यालयात. सोबत घटना किंवा विश्वस्तपत्राची प्रत, विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र, जागेचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना हरकत पत्र. अर्ज अडतो तो बहुधा जागेवर. वीजबिल एकाच्या नावे, घरपट्टी दुसऱ्याच्या, आणि ना हरकत पत्रावर सही तिसऱ्याची! नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखा हवा. "प्रार्थनाभवन" आणि "प्रार्थना भवन" यावरूनही शंका निघते.

सर्वांत नाजूक बाब जमिनीची. दशांश आणि वर्गणीतून प्लॉट घेतलेला असतो, पण त्या वेळी न्यास नसल्याने खरेदीखत पाळकांच्या नावावर. पाळक प्रामाणिक असले तरी त्यांच्या पश्चात नाव वारसांचं लागतं, आणि वारस मंडळीत असतीलच असं नाही. पाळक हयात असतानाच न्यासाच्या नावे बक्षीसपत्र करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवा आणि लगेच फेरफाराचा अर्ज द्या. मुद्रांक शुल्काचे पैसे आधीच बाजूला ठेवा. जमीन शेतीची असेल तर तिथेच थांबा : न्यास शेतकरी नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती त्याच्या नावावर होत नाही. आणि एकदा मालमत्ता न्यासाची झाली की त्याच कायद्याचं कलम ३६ लागू होतं. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री नाही, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणं नाही. कर्ज काढण्याआधीही नियम तपासून घ्या.

नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं आणि सगळे फाइल विसरतात. खरा घोळ पुढे, बदल अर्जात. विश्वस्त वारले, राजीनामा दिला, नवे आले, की ९० दिवसांत कलम २२ खाली परिशिष्ट तीनमध्ये कळवायचं. त्याला सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्त, मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा आणि नव्या विश्वस्ताची संमती जोडतात. "रविवारी उपासनेत जाहीर केलं होतं" हा नोटिशीचा पुरावा होत नाही. आम्ही नोटीसवही ठेवली : तारीख, नाव, सही, एवढे तीनच रकाने. अर्पणाचंही तसंच. एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे जण उपासना संपताच मोजतात, वहीत अंकी आणि अक्षरी लिहून सही करतात, आणि सोमवारी रक्कम जशीच्या तशी बँकेत भरतात. त्यातून परस्पर खर्च केला की ३१ मार्चच्या हिशेबाच्या वेळी लेखापरीक्षकासमोर मेळ बसत नाही.

न्यासाची नोंदणी झाली म्हणजे पाळकांना लग्न लावता येतं, हा सर्रास गैरसमज आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपकडून दीक्षा मिळालेल्यांना वेगळी सोय आहे, आमच्यासारख्यांना नाही. आमच्या पाळकांना राज्य शासनाचा परवाना लागतो. तो व्यक्तीच्या नावे असतो, मंडळीच्या नव्हे. पाळक बदलले की नवा अर्ज. परवान्याशिवाय लग्न लावल्यास कलम ६८ नुसार दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत व्हावा लागतो. वऱ्हाड उशिरा येणारच, त्यामुळे पत्रिकेवर साडेसहाची वेळ आम्ही छापू देत नाही. परवाना हाती येईपर्यंत लग्न विवाह निबंधकांकडे लावायचं आणि मंडळीत फक्त आशीर्वादाची उपासना घ्यायची.