उजवीकडचा फुगा रोज रात्री का बसायचा

ट्रक एका बाजूला झुकलाय हे मला आधी जाणवलं आणि मग दिसलं. ट्रेलर मागे असताना डावं वळण घेतलं की मागचा भाग उजवीकडे रेलायचा आणि वळण संपल्यावरही सावरायला वेळ घ्यायचा. सपाट फरशीवर उभा करून टेपने मोजलं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे ५३ सेंटीमीटर भरलं, उजवीकडे साडेएकावन्न.

माझ्या ट्रकला मागे कमानपाटे आहेत आणि त्यांच्या मदतीला दोन एअर बॅग बसवलेल्या आहेत. अपघातात फुगणाऱ्या स्टिअरिंगमधल्या त्या वेगळ्या. या म्हणजे एक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये, मूळच्या रबरी ठोकळ्याच्या जागी बसवलेले जाड रबराचे फुगे. रबराच्या आत दोऱ्याचं विणकाम असतं, वर आणि खाली धातूची तबकडी. दोन्ही फुग्यांना स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह. माझ्या किटवर किमान ५ आणि कमाल १०० पीएसआय (टायरसारखंच हवेच्या दाबाचं माप) अशी मर्यादा छापलेली आहे.

दर प्रवासाआधी उजवीकडे हवा मारायची आणि निघायचं, असं मी जवळजवळ दोन महिने चालवलं. हे करू नका. फुगा अर्धवट रिकामा असताना ट्रेलरचा भार आला की रबर दोन तबकड्यांमध्ये चेपलं जातं, घडीवर घडी घासते आणि एक दिवस फुगा आतून कापला जातो. पाच मिनिटांच्या गळतीचं काम मग आख्खा फुगा बदलण्यावर जातं. किमान ५ पीएसआयची अट त्यासाठीच आहे. ट्रक रिकामा असला तरी तेवढी हवा आत राहिलीच पाहिजे.

दोन नळ्या स्वतंत्र असण्याचा फायदा मला इथे कळला. डावीकडचा दाब टिकून होता, म्हणजे दोष फक्त उजव्या बाजूलाच शोधायचा होता. काही जण टी-जोड लावून दोन्ही फुगे एकाच व्हॉल्व्हवर आणतात. हवा भरायला ते सोपं जातं, पण वळणावर भाराखालच्या फुग्यातली हवा दुसऱ्या फुग्यात पळते आणि गाडी जास्तच कलते. शिवाय गळती कुठल्या बाजूची हेही समजत नाही. मला स्वतंत्र नळ्याच पटतात.

संध्याकाळी दोन्हीकडे ६० पीएसआय भरून ट्रक रिकामा, एकाच जागी ठेवला. रात्रभर गेज लावला नाही. फुग्यात हवा मुळात थोडीच असते, त्यामुळे गेज लावताना सुटणाऱ्या फुसकाऱ्यानेही दोनेक पीएसआय सहज जातात. सारखं तपासत राहिलं तर आपणच गळती तयार करतो. सकाळी डावीकडे ५८ होते आणि उजवीकडे ४१. गारठ्यात हवा आकसते, त्यामुळे गळती नसतानाही सकाळी आकडा थोडा उतरलेला दिसतो. भार बदलला तरी आकडा बदलतो: मागे सामान टाकलं की हवा न भरताच गेज वर चढतो. म्हणून तुलना करायची तर तोच भार, तीच जागा आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ.

मग साबणाचं पाणी. पुन्हा ६० भरले आणि भांडी घासायचा साबण पाण्यात घट्टसर कालवून बाटलीने शिंपडला. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, टोपी काढून. तिथे काही नाही. फुग्याच्या वरच्या तबकडीच्या कडेला काही नाही. वरच्या जोडावर, जिथे नळी आत शिरते तिथे, सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मी पुढे सरकणार होतो. पण मिनिटभराने जोडाच्या तोंडावरच्या कॉलरच्या, म्हणजे नळी सोडायला आत दाबायच्या कड्याच्या, एकाच बाजूला पांढरा फेस जमायला लागला, मोहरीएवढा, मग हरभऱ्याएवढा. मोठी गळती फसफसते, बारीक गळती असा फेस धरते. तिच्यासाठी टॉर्च धरून थांबावंच लागतं.

जोड सोडण्याआधी फुग्यातली सगळी हवा काढली. दाब असताना नळी ओढायला जायचं नाही, ती डोळ्यावर येऊ शकते. ट्रक आधीच स्टँडवर घेतला होता, कारण हवेवर तोललेल्या गाडीखाली हात घालायला मी तयार नाही. आणि स्टँड एक्सलखाली लावले. चेसिसला जॅक लावून गाडी उचलली की एक्सल खाली लोंबतो आणि फुगा पेटीच्या भात्यासारखा मर्यादेपलीकडे ताणला जातो. टायर बदलताना हीच चूक नकळत होते, म्हणून माझा ट्रक कुणाच्या हाती दिला की हे आधी सांगतो.

कॉलर आत दाबून नळी ओढली. टोक हातात घेतल्यावर सगळा उलगडा झाला. ते तिरकं कापलेलं होतं आणि कापताना चेपल्यामुळे गोल न राहता लंबगोल झालं होतं. त्यावर टोकापासून आत गेलेला एक उभा ओरखडा होता, नखाला लागेल इतका. जोडाच्या आत रबरी रिंग असते, ती नळीला चहूबाजूंनी कवटाळून हवा अडवते. उभा ओरखडा म्हणजे त्या रिंगखालून हवेला आयती वाट. बसवताना कोणीतरी पक्कडने किंवा कटरने कचकन तोडली असणार. धारदार ब्लेडने, लाकडी फळीवर ठेवून, नवा कोरा भाग येईपर्यंत दोन सेंटीमीटर काटकोनात कापली. टोकापासून जेमतेम दीड सेंटीमीटरवर मार्करने खूण केली आणि ती खूण कॉलरला भिडेपर्यंत नळी आत रेटली. खूण नसेल तर नळी पूर्ण बसली की पहिल्या अडथळ्यावरच थांबली, हे हाताला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ४१ च्या जागी ५५ दिसले. सुधारणा होती, पण डावीकडच्यापेक्षा अजूनही कमी. पुन्हा खाली गेलो. नळीला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी इतकी आवळलेली होती की नळी जोडातून सरळ बाहेर न पडता लगेच वाकत होती. अशी बाजूला ओढलेली नळी रिंगला एका अंगाला दाबते आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. पट्टी कापली, नळीला हाताएवढं सैल वळण दिलं आणि मगच नवी पट्टी, तीही नळी आत फिरेल इतपतच सैल. त्याच वेळी दिसलं की पुढे नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते. तिथे ती चकचकीत आणि मऊ झाली होती. गळत नव्हती, पण पुढच्या लांबच्या चढावर ती फुटली असती अशी मला खात्री आहे. तेवढा मार्गच बदलला, चेसिसच्या दुसऱ्या अंगाने नेली. फुगा आणि पाइप यांच्यामधला उष्णतारोधक पत्राही सैल झाला होता, तो आवळला.

तिसऱ्या सकाळी दोन्हीकडे ५८.

खाली होतोच, म्हणून फुगेही धुतले. दोन फुगवट्यांच्या मध्ये एक कडं असतं, त्याच्या खाचेत खडी आणि वाळलेला चिखल अडकून बसतो. प्रत्येक खड्ड्याला तो रबरात थोडा थोडा घासतो. उजव्या फुग्यातून वाटाण्याएवढे तीन खडे निघाले. साधा साबण, पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. रबर चमकवायला डिझेल, पेट्रोल किंवा ऑइल लावू नये, त्याने रबर फुगून सडतं. घड्यांमध्ये बारीक वरवरच्या चिरा दिसल्या, त्यावर लक्ष ठेवेन. आतला दोरा दिसू लागला तर फुगा बदलायचा, ठिगळ लावायचं नाही. हवा भरलेल्या फुग्याभोवती सगळीकडे निदान बोटभर मोकळी जागा आहे की नाही तेही पाहिलं. कंसाचे बोल्ट पान्ह्याने तपासले तर एक पाव वळसा फिरला. नव्याने बसवल्यावर साधारण ८०० किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचे असतात, ते माझ्याकडून राहून गेलं होतं.

आता ट्रेलर. माझा भरलेला ट्रेलर सुमारे २५०० किलोचा आहे. हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या ट्रेलर अडकवायच्या जोडावर, त्याच्या १० ते १५ टक्के, म्हणजे २५० ते ३७५ किलो भार येतो, आणि तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो. आधी मी ट्रेलर जोडून मागची बाजू सपाट दिसेपर्यंत हवा मारायचो. या वेळी पुढचं मडगार्डही जमिनीपासून मोजलं. ट्रेलर नसताना ९२ सेंटीमीटर, जोडल्यावर ९४. मग फुग्यांत ५५ भरले. मागची बाजू छान वर आली, पण पुढचं मडगार्ड ९४ वरून तसूभरही हललं नाही. फुगे मागची बाजू उचलतात, पुढच्या चाकांवरून उडालेलं वजन परत आणत नाहीत. गाडी दिसायला सपाट, पण स्टिअरिंग हलकं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी. वळणावर मला जे जाणवत होतं, त्यातला काही वाटा याचाही होता.

ते वजन पुढे ढकलायचं काम भार वाटणाऱ्या हिचच्या दांड्यांचं, म्हणजे हिचपासून ट्रेलरच्या चौकटीकडे जाणाऱ्या आणि साखळ्यांनी ताणून धरलेल्या दांड्यांचं. म्हणून क्रम बदलला. फुगे १० पीएसआयवर आणले, ट्रेलर जोडला, दांड्यांच्या साखळ्या एक एक कडी आवळत पुढचं मडगार्ड साडेब्याण्णववर आणलं. मागे राहिलेला थोडा झोल घालवायला फुग्यांत हवा भरली, ३० पुरले. हवा भरल्याने हिच वर येतो आणि दांड्यांचा ताण थोडा उतरतो, म्हणून पुढचं माप पुन्हा घेतलं आणि एक कडी वाढवली. आणि फुगे लावले म्हणून ट्रकची भारक्षमता वाढत नाही. एक्सल, चाकं आणि ब्रेक तेच असतात, दाराच्या पट्टीवर छापलेला आकडा तोच राहतो.

ट्रेलर सोडला की फुगे परत १० वर आणतो, नाहीतर रिकामा ट्रक प्रत्येक खड्ड्यात उडतो. व्हॉल्व्हच्या टोप्या आठवणीने लावतो. काल सकाळी सहज टेप लावली. डावीकडे ५३, उजवीकडे ५३.